गायधनी मॅडमचा एक होकार

स्टाफरूममध्ये माझ्या तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर एक तपकिरी पाखरू येऊन बसलं होतं. मी मराठीची प्राध्यापिका, आडनाव पगार. माझ्या लेखी या जातीत दोनच प्रकार होते. रंगीत असलं तर फुलपाखरू आणि मळकट असला तर पतंग. हातातल्या फाइलने मी ते उडवणार, इतक्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "पगार मॅडम, हलू नका. श्वाससुद्धा जरा हळू घ्या."

प्राणिशास्त्राच्या गायधनी मॅडम चप्पल काढून, चोरपावलांनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी नाशिकच्या या कॉलेजात नवी होते, आमची धड ओळखही नव्हती. त्या माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या आणि मी खुर्चीत पुतळा होऊन बसले होते.

"पतंग आहे ना?" मी ओठ न हलवता विचारलं.

"नाही. फुलपाखरू. पतंगासारखं दिसणारं. मिशा बघा, टोकाला आकडा आहे. पतंगाला असा नसतो." मग थांबून म्हणाल्या, "बहुधा."

पाखरू उडून गेलं. एवढा मोठा प्रसंग पार पडला म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात मला गाठून म्हणाल्या, "काल मी 'पतंगाला असा नसतो' म्हटलं ना, ते खोडून टाका. काही पतंगांच्या मिशा फसवतात. फुलपाखरू होतं हे खरं, पण मी कारण अर्धवट सांगितलं."

मी वर्गात शिरता शिरता म्हटलं, "खोडलं."

"थँक्यू," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा सैलावला, जणू रात्रभर पाठीवर घेतलेलं ओझं उतरलं.

गायधनी मॅडम अशा होत्या. ठेंगण्या, अंगावर कायम फिकट सुती साडी, खांद्याला पावसाळी कापडाची पिशवी, आणि कपाळावर सदैव एक आठी. ती रागाची नव्हती. गॅस बंद केला का, स्कूटरचं स्टँड वर घेतलं का, मुलांना प्रॅक्टिकलला सांगितलेल्या वाक्यात काही चुकलं का, अशा प्रश्नांची ती आठी होती. आम्ही इंदिरानगरला एकाच सोसायटीत राहत होतो आणि बरेचदा एकत्र कॉलेजला जायचो. सोसायटीच्या गेटपर्यंत येऊन त्या परत फिरल्या नाहीत असा दिवस क्वचित. कुलूप ओढून बघायच्या, मग नळ, मग पुन्हा कुलूप.

बोलणंही तसंच. भाजीवाल्याला विचारायच्या, "ही मेथीच ना?" तो बिचारा जुडीकडे बघत राहायचा. कुणी ओळखीचं भेटलं तर "हे बहुधा तुमचे धाकटे दीर" अशी सुरुवात. त्यांचे मिस्टर मोकळ्या स्वभावाचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते सांगायचे, "बघण्याच्या कार्यक्रमात हिनं मला 'विचार करून कळवते' म्हणून सांगितलं होतं. मुलीचं लग्न झालं, अजून कळवायचंय." मॅडमही हसायच्या. मग हळूच म्हणायच्या, "घाईत हो म्हणून काय उपयोग?"

त्यांचा विषय म्हणजे ती पतंगासारखी फुलपाखरं. इंग्रजीत त्यांना स्किपर म्हणतात. जाड अंग, मोठं डोकं, आखूड तपकिरी पंख, आणि उडणं असं की डोळा पोचेपर्यंत पाखरू दुसऱ्या पानावर. रंगीबेरंगी फुलपाखरांमागे सगळं जग कॅमेरा घेऊन धावतं. ही मंडळी बांधावर, गवतात, बांबूच्या बेटात आपली आपली असतात. त्यातल्या कितीतरी जाती दिसायला अगदी सारख्या. पंखावरचा एखादा काचेसारखा ठिपका इकडचा तिकडे, एवढाच फरक. कधी तर तेवढाही नाही. मग पाखरू मारून त्याच्या पोटाचं शेवटचं टोक रसायनात भिजवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. तरुणपणी मॅडमनी ते काम खूप केलं होतं. पुढे कधीतरी त्यांनी मारणं सोडून दिलं आणि विद्यार्थ्यांनाही मनाई केली. "फोटोवरून कळलं तर नाव लिहायचं," त्या सांगायच्या, "नाही कळलं तर 'नक्की नाही' असं लिहायचं. तेही उत्तरच आहे."

फोनवरच्या फुलपाखरांच्या ग्रुपमध्ये लोक फोटो टाकायचे, दहाजण दहा नावं सुचवायचे, आणि खाली मॅडमची ओळ यायची, "ठरवता येत नाही. क्षमस्व." लोकांना वाटायचं बाई भाव खाते. त्या ओळीमागे त्यांनी दुपार घालवलेली असायची, हे मला दिसायचं.

सोसायटीला त्यांचा हा स्वभाव एकदाच पुरता कळला. आमचे सेक्रेटरी शेवाळे पार्किंगमधली रद्दी हलवत असताना त्यांच्या पायाला साप चावला. वॉचमनने काठीने साप मारला. लोक जमले. कुणीतरी छातीठोक सांगितलं की डुरक्या घोणस आहे, बिनविषारी, हळद लावा आणि झोपा. शेवाळ्यांनाही तेच ऐकायचं होतं. तेवढ्यात गायधनी मॅडम खाली आल्या. सगळे बाजूला झाले. त्यांनी वाकून तो ठेचलेला साप पाहिला.

"डुरक्याच ना मॅडम?" शेवाळ्यांनी विचारलं.

"असेल. विषारी घोणसही असेल. डोकं ठेचलंय, मी नाव सांगणार नाही. गाडी काढा."

"अहो, पण अंदाजे?"

"अंदाजे नाही सांगणार," त्या जवळजवळ ओरडल्या. "शेवाळे, बोलू नका, चालू नका. गाडी काढा कुणीतरी!"

त्या स्वतः गाडीत बसून गेल्या, द्वारकेच्या चौकात वाहतूक अडली तेव्हा खाली उतरून हात करत त्यांनी वाट मोकळी करवून घेतली. संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. शेवाळ्यांना काहीही झालं नाही. साप खरंच बिनविषारी निघाला. पुढे कितीतरी दिवस सोसायटीत थट्टा चालली होती. मी त्यांना म्हटलं, "मनावर घेऊ नका." त्या म्हणाल्या, "छे हो. शेवाळे स्वतः हसतायत ना, मग झालं."

अशा बाईंनी आयुष्यात एकदा घाईत 'हो' म्हटलं. मला सांगायचंय ते त्याबद्दल.

रोहिणी भोये त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. पेठ तालुक्यातली. वडील पेठ ते नाशिक काळीपिवळी जीप चालवायचे. घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. सडपातळ, बोलायला धीट, चालायला मॅडमच्या दुप्पट. इगतपुरीजवळ तिची मावशी दिलेली होती, तिच्याच भातशेताच्या कडेने रोहिणी फुलपाखरांचा अभ्यास करायची. मॅडम तिच्यावर जीव टाकायच्या. जीव टाकणं म्हणजे काय, तर तिच्या प्रत्येक पानावर लाल पेनाने "कशावरून?" असं लिहायचं. रोहिणी मला म्हणायची, "मॅडमनी माझ्या आडनावापुढे 'कशावरून' लिहायचं तेवढं बाकी ठेवलंय."

एका पावसाळ्यात रोहिणीला मावशीच्या बांधावर एक स्किपर दिसलं. तिने घाईत एकच फोटो काढला. तिला वाटलं, ही दक्षिणेकडच्या ओल्या रानातली जात आहे, आपल्या भागात कुणी पाहिलेली नाही. तिने फोटो मॅडमना पाठवला. त्या वेळी मॅडम दवाखान्यात होत्या. मिस्टरांची अँजिओप्लास्टी आत चालू होती आणि या बाहेर. मी शेजारीच बसले होते. फोन वाजला, त्यांनी चष्मा न लावताच स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. आतून नर्सने हाक मारली. मॅडमनी उठता उठता टाइप केलं, "हो, तेच," आणि फोन पिशवीत टाकून आत धावल्या.

मिस्टर बरे झाले. रोहिणीचा प्रबंध पुढे सरकला. मॅडमनी त्यातलं बाकी सगळं दोन-दोनदा तपासलं. या एका नावावर त्यांच्या मनात आधीच बरोबरची खूण झालेली होती. प्रबंध सादर झाला. कुठूनतरी प्राचार्यांना बातमी कळली की आपल्या विद्यार्थिनीने जिल्ह्याला नवीन फुलपाखरू शोधलं. स्थानिक पेपरात फोटो आला. आणि पुढच्या पावसाळ्यात, गणपती बसायच्या आधी, कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला रोहिणी, आणि मधे ते पाखरू, माणसाएवढं. जातीचं नाव ठळक अक्षरांत होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. मॅडमना चालणार नाही.

त्या सकाळी आम्ही बरोबरच आलो. गेटपाशी मॅडमनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. मागून हॉर्न वाजायला लागले तरी त्या हलेनात.

"मॅडम, चला."

"मागच्या पंखावर बघा," त्या म्हणाल्या. "खालून चौथा... नाही, तिथे ठिपके नसायला हवेत."

"पाण्याचे थेंब असतील."

"असतील," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार आत गेला.

त्यानंतर मॅडमचं जेवण तुटलं. डबा उघडायच्या आणि तसाच मिटायच्या. प्रयोगशाळेत त्यांनी रोहिणीचा मूळ फोटो मोठा करून कितीदा पाहिला असेल, सांगता येत नाही. भातावर सगळीकडे सापडणारं एक साधं स्किपर असतं, हे तेच असावं अशी शंका त्यांना खात होती. पण एकच फोटो, तोही खालच्या बाजूचा, ओल्या पानावरचा. खात्री ना इकडची, ना तिकडची. रोहिणीची व्हायवा, म्हणजे पदवीची तोंडी परीक्षा, तोंडावर आली होती. त्यानंतर लगेच दुसऱ्या एका कॉलेजात कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, आणि या शोधाची बातमी तिने अर्जाला जोडली होती.

मॅडम आधी प्राचार्यांकडे गेल्या. जाताना मला बरोबर नेलं, म्हणाल्या, "मी मधेच गप्प झाले तर पुढचं वाक्य तुम्ही बोला." प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, व्हायवा होऊ द्या. पोरीची नोकरी लागू द्या. मग सावकाश दुरुस्त करा ना. पंखावरचे ठिपके बघतंय कोण?"

मॅडमच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. मला वाटलं, आता आपल्याला बोलावं लागणार. पण त्याच म्हणाल्या, "मी बघितलेत ना, सर."

रोहिणीला सांगितलं ते प्रयोगशाळेत. मी दाराशी होते. मॅडमनी फोटो दाखवला, ठिपके दाखवले. रोहिणी आधी नीट ऐकत होती. मग तिचा चेहरा बदलला.

"पण मॅडम, तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"तुम्ही कधीच कुणाला हो म्हणत नाय. मला म्हणालात, म्हणून मी परत बघितलंसुद्धा नाही!" तिचा आवाज चढला. "माझ्या बापाने तो पेपर जीपच्या काचेला लावलाय, मॅडम. प्रत्येक सीटला दाखवतो तो."

मॅडम टेबलाची कड धरून उभ्या होत्या. "आपण परत जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथेच, त्याच बांधावर. मिळालं तर एक पकडू. आत बघू. कळेल."

"तुम्ही मारू देत नाही."

"या वेळी देईन."

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघी निघालो. घोटीच्या पुढे धुकं इतकं दाट की पुढच्या ट्रकचे दिवेच दिसायचे. पाऊस थांबायचं नाव नाही, आणि पावसात ही पाखरं उडत नाहीत. मॅडम मागच्या सीटवर जाळी मांडीवर घेऊन बसलेल्या. दर थोड्या वेळाने काच खाली करून आभाळाकडे बघायच्या. "उघडेल का हो?" विचारायच्या. रोहिणी पुढे माझ्याशेजारी होती. ती काचेवरच्या वायपरकडे बघत होती.

मावशीचं घर रस्त्यालाच. पडवीत बसून आम्ही वाट पाहत राहिलो. मावशीने नागलीची भाकर आणि ठेचा पुढे केला. मॅडमनी भाकर हातात घेतली, पण डोळे शेताकडे. भात फुलोऱ्यात होतं. मावशी म्हणाली, "बाई, पाकोळीच बघायची ना? त्या काय, हायेतच. तुम्ही पोटभर खा आधी."

दुपारी जरा उघडीप झाली. ढगातून मळकट ऊन आलं, आणि बांधावरच्या गवतात हालचाल सुरू झाली. आम्ही गुडघाभर चिखलातून निघालो. मॅडम दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा जाळी वर धरून. पुष्कळ तपकिरी पाखरं दिसली, एकही बसेना. मग रोहिणीला ते दिसलं. तिने खुणेने आम्हाला थांबवलं. गेल्या वर्षी जिथे फोटो काढला होता, त्याच बांबूच्या बेटाखाली. तिच्या हाताचा एकच झपका, आणि जाळीत फडफड.

ती पाखरू मारायची बाटली काढायला लागली, तर मॅडम म्हणाल्या, "दे इकडे."

"मी करते मॅडम."

"नको. घोळ माझा आहे. तू कशाला?"

त्यांनी जाळीत हात घालून ते पाखरू पंख मिटवून दोन बोटांत धरलं. छातीशी जराशी चिमूट. फडफड थांबली. मॅडमचे ओठ हलत होते; काय म्हणत होत्या, कळलं नाही. पाखरू कागदाच्या त्रिकोणी पुडीत घालून त्यांनी रोहिणीकडे दिलं आणि हापशावर जाऊन हात धुवायला लागल्या. मावशी हापसा मारत होती. मारता मारता थांबून म्हणाली, "बाई, येवढीशी ती पाकोळी. किती धुताय? हात साफ हायेत."

मॅडम म्हणाल्या, "आणखी थोडं पाणी घाला."

सोमवारी प्रयोगशाळेत पोटाचं टोक रसायनात घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मी एका कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते. एक ओळ वाचली नाही. मॅडमनी बराच वेळ पाहिलं, मग उठल्या आणि रोहिणीला जागा दिली. पाहून रोहिणीनेच सांगितलं, "भातावरचं साधं आहे."

"हो."

"पण मॅडम..." रोहिणी वळली. तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. "हे पाखरू म्हणजे ते पाखरू नाही. हे या वर्षीचं आहे. फोटोतलं वेगळं असू शकतं."

मला वाटलं, सुटलो. मीच जवळजवळ टाळी वाजवणार होते.

"असू शकतं," मॅडम म्हणाल्या. "अगदी असू शकतं. म्हणजे आपल्याला माहीत नाही."

"मग चूक तरी कशावरून?"

"चूक आहे असं मी म्हणत नाहीये, रोहिणी. माहीत नाही म्हणतेय. आणि आपण तर नाव लिहून बसलोय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "व्हायवाला तू बोल. तू नाही बोललीस तर मला बोलावं लागेल. पण तू आधी बोलावंस असं मला वाटतं."

रोहिणीने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली, परत आली, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि निघून गेली. छत्री तशीच खुंटीला राहिली. बाहेर पाऊस होता.

व्हायवाच्या दिवसापर्यंत तिने मॅडमचा फोन उचलला नाही. ती काय करणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत प्राचार्य, बाहेरगावचे परीक्षक, मागे विद्यार्थी. दाराशी रोहिणीचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मॅडम माझ्याशेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते धरल्याचं त्यांना कळतही नव्हतं. रोहिणी छान बोलत होती. एकेक चित्र पडद्यावर येत होतं. मग ते आलं. बांबूचं पान, त्यावर तपकिरी पाखरू, खाली नाव.

रोहिणी थांबली. तिने पाण्याची बाटली उघडली, प्यायली, टोपण लावायला तिला वेळ लागला. प्राचार्य मान हलवून तिला 'पुढे, पुढे' खुणावत होते.

"सर, या फोटोवरून ही जात ठरवता येत नाही," ती म्हणाली. "हे नाव मी मागे घेते. प्रबंधात तशी दुरुस्ती करून देईन."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "मग या प्रकरणात उरतं काय?"

"बाकीचं सगळं, सर. एक नाव कमी."

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. "सर, पहिला होकार माझा होता. फोनवर, नीट न बघता दिला होता. तिचा दोष—"

"मॅडम, बसा," परीक्षक शांतपणे म्हणाले. "प्रश्न त्यांना आहे."

मॅडम बसल्या. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

दुरुस्तीच्या अटीवर पदवी मिळाली. बाहेर वडिलांनी विचारलं, "पास ना गं?" रोहिणी म्हणाली, "पास." त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडून सगळ्यांना दिले, मॅडमनाही. रोहिणी तेवढा वेळ फाटकाकडे तोंड करून उभी राहिली.

ती कायमची जागा तिला मिळाली नाही. फुलपाखरामुळे नाही मिळाली की आधीच कुणाची ठरलेली होती, हे कळायला मार्ग नव्हता. रोहिणी सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला लागली, एवढं कानावर आलं. तिचा फोन आला नाही.

गेटवरचा फ्लेक्स मॅडमनी स्वतः उतरवला. शिपायाला सांगता आलं असतं. पण त्या प्रयोगशाळेतली कात्री घेऊन स्टुलावर चढल्या आणि एकेक दोरी कापली. रोहिणीचा चेहरा मोडू नये म्हणून फ्लेक्स घडी न घालता गुंडाळला. प्राचार्य त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. नवा संशोधक विद्यार्थी त्यांच्याकडे आला नाही. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. रोहिणीचं वाटत होतं. डबा खाताना मधेच विचारायच्या, "बरोबर केलं ना हो आपण?" मी हो म्हणायचे. त्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. फोन काढून काहीतरी टाइप करायच्या, पुसायच्या, फोन पिशवीत टाकायच्या. एकदा स्टँडवर चौकशी करून आल्या की सुरगाण्याची एसटी किती वाजता सुटते. गेल्या मात्र नाहीत. "तिला नको असेल तर?" म्हणाल्या.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. समारंभ नको म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शाल, नारळ घेतला, चहा झाला, चार वाक्यं बोलल्या, त्यातलं एक मागे घेतलं. पिशवीत त्यांचा जुना भिंगाचा चष्मा आणि डबा. मी गेटपर्यंत सोडायला गेले. त्यांनी हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली, आणि फोन वाजला. स्क्रीनकडे पाहिलं आणि स्कूटर बंद केली. हेल्मेट काढताना पट्टा कानात अडकला, तो मी सोडवला.

"बोल," त्या म्हणाल्या.

मी निघणार होते, पाय निघेना.

"हं... नाही गं, अजून गेटातच आहे... हो, आजच... तुला कुणी सांगितलं?" मग बराच वेळ नुसतं ऐकणं. कपाळावरची आठी खोल झाली, मग हळूहळू सैल. "रडू नकोस. तू रडलीस तर मीही रडेन, इथे सगळे बघतायत... नाही, राग कसला? मला वाटलं तुला... बरं, बरं. नाही बोलत ते." पुन्हा ऐकणं. "जेवलीस का?... काय होतं डब्यात?... मुलं त्रास देतात का?... आज? आज येतेस?" त्या एकदम घड्याळाकडे बघायला लागल्या. "बाबा येतायत का घेऊन? मग त्यांना सांग, घाटात ओव्हरटेक करू नका म्हणावं. आणि दिवे बघून घ्या म्हणावं जीपचे. पाऊस आहे का तिकडे?"

माझा तास होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि वळले. वॉचमनने त्यांच्यासाठी मोठं फाटक उघडून धरलं होतं. "मॅडम, काढता ना गाडी?" त्याने विचारलं. मॅडमनी त्याला हाताने थांबायची खूण केली.

जिना चढून मी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्या स्कूटरवर एका अंगाला बसल्या होत्या, हेल्मेट मांडीवर, फोन कानाला, आणि मान हलवून हलवून 'हो, हो' म्हणत होत्या. ऊन थेट डोक्यावर आलं होतं. वॉचमन फाटक धरून उभाच होता.